मखरात फायबर ऑप्टिक: चांदण्या मिळतात, उजेड मिळत नाही

आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो आणि मखर आम्ही घरीच करतो. गेली काही वर्षं त्यात फायबर ऑप्टिक लावतोय, म्हणजे मागच्या गडद निळ्या पडद्यावर बारीक चांदण्या आणि कमानीच्या कडेने एक सलग चमकणारी रेघ. दर्शनाला आलेल्यांपैकी कोणीतरी विचारतंच की हे कुठून आणलं, आणि मग पुढच्या वर्षी त्यांचा फोन येतो की अगं तुझं बघून आणलं पण आमच्याकडे काही दिसतच नाहीये. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा सगळं नीट लिहून काढते, आणि यात काय चांगलं आहे तेवढंच नाही तर काय होत नाही तेही सांगते, कारण फसतात ते बहुतेक सगळे तिथेच.

आधी वस्तू काय आहे ते

फायबरमधून वीज जात नाही, फक्त प्रकाश जातो. एका टोकाला डबा असतो (दुकानात इल्युमिनेटर, लाइट इंजिन किंवा नुसतं सोर्स म्हणतात), त्यात एलईडी असतो, आणि त्या डब्याच्या तोंडात फायबरचा जुडगा खोचलेला असतो. पुढचं सगळं म्हणजे ॲक्रिलिकचा धागा. धाग्याचा गाभा एका प्लास्टिकचा, त्यावरचा पातळ थर दुसऱ्या प्लास्टिकचा, त्यामुळे आत शिरलेला प्रकाश कडेवर आपटून परत आत वळतो आणि असाच आपटत आपटत शेवटपर्यंत जातो. पाण्याच्या धारेतून प्रकाश असा वळवून नेता येतो हे १८४० च्या दशकातच दाखवून झालं होतं. पुढे आपल्या पंजाबातल्या मोग्याचे नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनला हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर फायबरच्या जुडग्यातून चक्क चित्र पलीकडे नेलं आणि १९५४ मध्ये ते काम छापून आलं. मखरातल्या चांदण्यांचं मूळ तिथे आहे हे मला कळलं तेव्हा खरंच फार छान वाटलं होतं.

दोन प्रकार लक्षात ठेवा. एंड ग्लो म्हणजे फक्त टोकाला ठिपका दिसतो, बाकी धागा काळोखात. साइड ग्लो म्हणजे धागा मुद्दाम कडेने प्रकाश गळेल असा बनवलेला, तो पूर्ण लांबीभर चमकतो. चांदण्यांना पहिला, कमानीच्या रेघेला दुसरा. गाड्यांच्या डॅशबोर्डच्या फटीत जी निळी-गुलाबी पट्टी बसवतात ती पण बहुतेक वेळा साइड ग्लोच असते, तिला फटीत दाबायला एक चपटी कड असते. ती कड मखरातही कामाला येते, पुढे सांगते.

मखरात हे का लावावं

थर्माकोलवर २०१८ मध्ये महाराष्ट्रात बंदी आली तेव्हापासून बहुतेक घरगुती मखरं पुठ्ठा, कापड, कागद, बांबू असल्या गोष्टींची झाली, आणि या सगळ्या गोष्टी पेटणाऱ्या आहेत. लायटिंगच्या माळा कागदाच्या फुलांमधून फिरवायच्या, मागे एक्सटेन्शन बोर्डवर चार पिना, त्यात आरतीला सगळी पोरं पुढे घुसलेली, मला दरवर्षी धाकधूक असायची. फायबरचं टोक गरम होत नाही. दोन वर्षांच्या मुलाने हातात धरलं, तोंडात घातलं तरी शॉक नाही (तोंडात घालू देऊ नका, टोक टोचतं). फुलांवर पाणी शिंपडलं, अभिषेकाचं पाणी सांडलं, छोटं कारंजं केलं आणि त्यातून धागे वर काढले तरी चालतं, फक्त डबा आणि ॲडाप्टर लांब आणि कोरडे पाहिजेत. जिथे वायर न्यायला आपण घाबरतो तिथे फायबर जातं, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा, आणि माझ्यासाठी तेवढा एकच पुरेसा आहे.

दुसरं म्हणजे ठिपक्याचा बारीकपणा. पाऊण मिलिमीटरचा धागा म्हणजे सुईच्या टोकाएवढी चांदणी, इतका नाजूक ठिपका एलईडीच्या माळेत मिळत नाही.

आणि काय होत नाही

उजेड पडत नाही. शंभर चांदण्या लावल्या तरी मूर्तीचा चेहरा उजळणार नाही, त्यासाठी वरून एक वेगळा वॉर्म व्हाइट स्पॉट लागतोच. खोलीतली ट्यूब चालू असेल तर चांदण्या जवळजवळ गायब होतात. दिवसा खिडकीतून ऊन येत असेल तर विसराच. ज्यांच्या हॉलमध्ये दिवसभर लख्ख उजेड असतो आणि पाहुणे दुपारीच येतात त्यांना मी सरळ सांगते की यात पैसे घालू नका, एलईडी निऑनची पट्टी घ्या, ती दिवसाही दिसते.

पळणारे रंगही होत नाहीत. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला लाल ठिपका पळत जातोय असलं काही साइड ग्लोमध्ये करता येत नाही, कारण प्रकाश टोकातूनच शिरतो, एका वेळी पूर्ण धागा एकाच रंगाचा. दोन टोकांना दोन डबे लावून एकीकडून निळा आणि दुसरीकडून गुलाबी सोडला तर मध्ये जांभळट मिसळतं, ते सुंदर दिसतं, पण तेवढंच.

आणि लांबी. साइड ग्लो जितका कडेने चमकतो तितका पुढे जायला प्रकाश कमी उरतो, त्यामुळे डब्याजवळ झगझगीत आणि शेवटी मंद असं होणारच, तो मालाचा दोष नाही. एका टोकाने चालवायचं असेल तर चार-पाच मीटरच्या पुढे मी जात नाही. एंड ग्लो धागा बराच लांब जातो, तरी चांगल्या ॲक्रिलिकमध्येही दहा मीटरला एक तृतीयांशाच्या आसपास प्रकाश वाटेतच संपतो, आणि लांब धाग्यात पांढरा रंग जरा हिरवट दिसायला लागतो. मखरात तीन मीटरचं काम, त्यामुळे याचा त्रास नाही, पण कोणी बंगल्याच्या कंपाउंडला लावायचं म्हणालं तर नको म्हणा.

पहिलं काम: डबा कुठे ठेवायचा ते ठरवा

सगळे आधी डिझाइन काढतात, मी आधी डब्याची जागा ठरवते. डब्याला हवा पाहिजे, हात पोचला पाहिजे (मध्येच बंद पडला तर मूर्ती हलवता येत नाही!), आणि पाणी-तेल सांडायची शक्यता नको. आमच्याकडे टेबलावर मखर असतं, डबा टेबलामागे जमिनीवर दोन विटांवर ठेवतो, वर पडदा येतो पण बाजू उघडी.

हे मी नुकसान करून शिकले. पहिल्या वर्षी ओळखीच्यांकडून एक जुना हॅलोजनवाला डबा उसना आणला होता, आतला पंखा धुळीने भरलेला, आणि मी तो दिसू नये म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चांदण्या पिवळट दिसायला लागल्या. काढून बघितलं तर जुडग्याचं तोंड तपकिरी होऊन मधले धागे एकमेकांना चिकटले होते. ॲक्रिलिक फायबर साधारण ७० अंशांपर्यंतच सुरक्षित, त्यापुढे ते बिघडायला लागतं. म्हणून हॅलोजनचा डबा फुकट मिळाला तरी घेऊ नका, एलईडीचाच घ्या, आणि तोही कोंडू नका.

मोजमाप आणि खरेदी

आमचं मखर तीन फूट रुंद, चार फूट उंच. कमानीची रेघ म्हणजे चार अधिक तीन अधिक चार, ११ फूट, आणि दोन्ही टोकं डब्यापर्यंत न्यायला प्रत्येकी दोन-दोन फूट धरले की १५ फूट, म्हणजे साडेचार-पावणेपाच मीटर. तीन मिलिमीटर जाडीचा साइड ग्लो पाच मीटर घेतला की झालं. दोन्ही टोकं एकाच डब्यात आणून खोचायची, प्रकाश दोन्हीकडून शिरतो आणि कमानीचा माथा मंद दिसत नाही. ही एवढी एक गोष्ट केली तरी निम्म्या तक्रारी संपतात.

चांदण्यांसाठी १२ चौरस फुटाला शंभर धागे पुरतात. त्यात ८५ पाऊण मिलिमीटरचे, दहा एक मिलिमीटरचे आणि पाच दीड मिलिमीटरचे असं मिसळा. जाडी दुप्पट झाली की टोकाचं क्षेत्रफळ चौपट होतं, त्यामुळे ते पाच धागे ठळक तारे दिसतात आणि बाकीचे मागे लांब असल्यासारखे, आकाशाला खोली येते. सगळे एकाच जाडीचे घेतले तर ठिपक्यांच्या साडीसारखं दिसतं. लांबी मात्र सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापासून डब्यापर्यंत मोजा आणि वर एक फूट जास्त धरा, आमचं तीन मीटर होतं.

चांदण्यांना आणि कमानीला डबे वेगळे घ्या. लुकलुकणाऱ्या डब्यात आत भोकांची चकती फिरत असते, तिच्यामुळे चांदण्या लुकलुकतात ते गोड दिसतं, पण त्याच डब्यात कमानीची रेघ घातली तर ती पण थरथरते आणि दहा मिनिटांत डोळे दुखतात. शंभर धाग्यांना पाच-सहा वॉटचा डबा भरपूर झाला. चकतीची मोटर बारीक घरघर करते, गणपतीत ते कळतही नाही, पण हेच कोणी झोपायच्या खोलीत छताला लावणार असेल तर रात्रीच्या शांततेत आवाज ऐकूनच घ्या.

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ, तिथे विचारत फिरलं की मिळतं, नाहीतर ऑनलाइन किट येतात. पण फायबर म्हणून भलतंच गळ्यात पडू शकतं, त्यामुळे दुकानात मी तीन गोष्टी करते. धाग्याचं एक टोक मोबाइलच्या टॉर्चला लावते, दुसरं टोक उजळलं तर फायबर. आत तांब्याची तार दिसली तर ती दुसरीच काहीतरी वस्तू, चमकणारी तार किंवा एलईडीची नळी. मग साइड ग्लो चालू करून दोन्ही हातांच्या ओंजळीत अंधार करून डब्याजवळचं आणि शेवटचं टोक बघते, कारण दुकानातल्या उजेडात काहीच कळत नाही. आणि डबा चालू असताना मोबाइलवर व्हिडिओ काढते, स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर आपल्या आरतीच्या व्हिडिओतही ते येणार. ॲडाप्टरवर बीआयएसचा (म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा) आर पासून सुरू होणारा नंबर आहे का तेही बघा, पाण्या-फुलांच्या जवळ तोच एक विजेचा भाग आहे.

पडदा आणि भोकं

चांदण्या सगळ्यात उठून दिसतात त्या काळ्यावर, पण गणपतीच्या मागे काळं कापड आमच्या सासूबाईंना मान्य नव्हतं आणि त्यांचं म्हणणं मला पटलं. गडद निळं सॅटिन लावलं, अंधारात फरक कळत नाही आणि दिवसा काळ्यापेक्षा कितीतरी प्रसन्न दिसतं. मखमल नको, तिच्या लवेत बारीक धाग्याचं टोक बुडून जातं. पुठ्ठ्याचे दोन थर चिकटवून त्यावर कापड ताणून घ्या, एकाच थरात धागा डगमगतो.

चांदण्या कुठे पाडायच्या हे हाताने ठरवायला गेलं की नकळत रांगा होतात, कितीही प्रयत्न केला तरी. म्हणून बोर्ड आडवा ठेवून त्यावर मूठभर साबुदाणा उधळायचा आणि जिथे दाणे पडले तिथे खडूने खुणा करायच्या. मूर्ती जिथे येणार तो भाग सोडून द्या, तिथले धागे वायाच जातात, ते काढून मुकुटाच्या आजूबाजूला दाट लावा, प्रभावळीसारखं वलय होतं. भोकं गोधडी शिवायच्या जाड सुईने पाडा, ठळक ताऱ्यांना दाभण. लाकडी किंवा प्लायचा बोर्ड असेल तर पाऊण मिलिमीटरच्या धाग्याला एक मिलिमीटरचं ड्रिल बिट.

धागा मागून पुढे ओवायचा, पुढे दोन-तीन इंच लोंबकळत ठेवायचा, आणि मागच्या बाजूने साध्या पांढऱ्या फेविकॉलचा थेंब. थेंबात चिकटवणारा इन्स्टंट गोंद अजिबात नाही, त्याने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात आणि धागा दुसऱ्या दिवशी काडीसारखा मोडतो. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर यांपासून पण लांब. ग्लू गनचा गरम गोंद थेट धाग्यावर टाकला तर धागा वितळतो. फेविकॉल वाळायला रात्र जाते, जाऊ दे.

हे काम दोघांनी करायचं. मी मागून ओवते आणि माझा पुतण्या पुढून ओढून घेतो, शंभर धाग्यांना दोन-अडीच तास लागतात.

जुडगा बांधणं, इथे घाई नको

मागचे सगळे धागे एका दिशेने उतरवून सैलसर गोळा करा, कुठेही टोकदार वळण नको. जाडीच्या दहापट त्रिज्येपेक्षा कमी वाकवायचं नाही, म्हणजे तीन मिलिमीटरच्या साइड ग्लोला निदान तीन सेंटिमीटरचं वळण. त्यापेक्षा तीव्र वळवलं तर तिथूनच प्रकाश बाहेर पडतो, कोपऱ्यावर एक भगभगीत डाग दिसतो आणि पुढचा भाग मेल्यासारखा. म्हणूनच मखराची कमान गोल ठेवा, चौकटीसारखे काटकोन असतील तर कोपरे गोल करून घ्या. साइड ग्लोला ती चपटी कड असेल तर पुठ्ठ्याच्या दोन थरांच्या फटीत ती दाबून बसवता येते, टाके नको, क्लिपा नको.

जुडगा टेपने गच्च गुंडाळा, शंभर धाग्यांचा साधारण एक सेंटिमीटर जाडीचा होतो, डब्याचं तोंड त्या मापाचं घ्या. धाग्यांची टोकं पुढे-मागे राहतातच, म्हणून नव्या धारदार कटरने पूर्ण जुडगा एकदम सरळ कापायचा. मग पाण्याचा पॉलिश पेपर, आधी ६००, मग १०००, मग २०००, सपाट काचेवर ठेवून थोडंसं पाणी घालून जुडग्याचं तोंड इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने घासायचं. पहिल्यांदा ते तोंड दुधासारखं पांढरट दिसतं, ६०० ला करडं होतं, आणि २००० वर पाच मिनिटं घासलं की अचानक एकेक धागा काळा-पारदर्शक दिसायला लागतो, बाहुलीच्या डोळ्यासारखा. तो दिसला की थांबा. कापून तसंच खोचलेलं आणि घासून खोचलेलं यातला फरक माझ्या पुतण्याला सुद्धा लांबून ओळखू आला होता, तेव्हा ही अर्ध्या तासाची मेहनत टाळू नका. साइड ग्लोच्या दोन्ही टोकांना पण हेच.

पुढची टोकं मात्र उलट. फेविकॉल वाळला की पुढचे लोंबकळणारे धागे कापडापासून दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा. नेलकटर दाबून चेपतो, कटरच बरा. सरळ कापलेल्या टोकातून प्रकाश समोर साधारण ३० अंशांपर्यंतच पसरतो, म्हणजे समोर उभ्या असलेल्याला लख्ख आणि बाजूच्या खुर्चीवर बसलेल्या आजींना काहीच नाही. आपल्या अरुंद हॉलमध्ये निम्मे लोक बाजूलाच बसतात, म्हणून टोकांवरून ६०० चा पेपर एकेकदा फिरवा, टोक खरबरीत झालं की प्रकाश बाजूलाही फाकतो. समोरून जरा कमी दिसतं, पण मला ते चालतं, सगळ्यांना दिसायला पाहिजे.

गणपती बसल्यावर

समई आणि निरांजन कुठल्याही धाग्यापासून निदान फूटभर लांब. टोक स्वतः गरम होत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात, पण बाहेरची ज्योत लागली तर ॲक्रिलिक वितळतं आणि जळतंही. आरतीचं तबक ओवाळताना कमानीच्या रेघेला लागतं का ते आधी रिकामं तबक फिरवून बघा. कापराची काजळी टोकांवर बसते, रोज रात्री मऊ कोरड्या कापडाने एक हलका हात फिरवला की पुरे, ओलं करायचं तर नुसतं पाणी.

रात्री ट्यूब बंद करा, मूर्तीवरचा स्पॉट अर्धा करा आणि मग चांदण्या लावा. आमच्याकडे शेजारतीच्या वेळेला एवढंच चालू असतं आणि कोणी मोठ्याने बोलत नाही, ते दृश्य दिवसाच्या झगमगाटात कधी मिळालंच नसतं.

एखादी चांदणी विझली तर बहुतेक वेळा मागे कुठेतरी धागा मुडपलेला असतो, हाताने चाचपून सरळ करा. मोडलेला धागा जोडत बसू नका, जोडावर निम्मा प्रकाश जातो. दोन-चार धागे जास्तीचे जुडग्यात आधीच घालून ठेवलेत तर त्यातला एक पुढे काढता येतो.

विसर्जनानंतर

धागे ओढून काढायचे नाहीत, बोर्डासकट ठेवायचे. जुडगा डब्यातून सोडवून तोंडावर मऊ कापड आणि वर प्लास्टिकची पिशवी रबराने बांधा, तोंडावर ओरखडा पडला तर परत घासावं लागतं. साइड ग्लोचं हातभर रुंद मोठं वेटोळं करा, दुमडून सुतळीने आवळू नका, वर्षभर दुमडलेली जागा पुढच्या वर्षी डागासारखी चमकते. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात फार तापतं, तिथे बाहेरचं आवरण पिवळं आणि चिकट होतं, त्यापेक्षा पलंगाखाली सपाट ठेवा आणि उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या न टाकता खोकंच नीट बंद करा, त्या गोळ्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं खराब होतात. डब्यातल्या पंख्याची धूळ ब्रशने काढून, ॲडाप्टर त्यालाच टेपने चिकटवून ठेवा, म्हणजे पुढच्या श्रावणात शोधाशोध होत नाही.